पाऊस पडायच्या आधीच बंद केला

प्रिय बाळ्या,

आठ महिने झाले, ना पत्र ना फोन. गणपतीत तुझा मिस्ड कॉल दिसला होता, उद्या करू उद्या करू म्हणत दिवाळी आली. रागावला असशील तर रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच, कारण हे दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही आणि फोनवर तर नाहीच नाही, आमच्या घरात भिंतींना कान आहेत तुला माहितीये. माझी शुगर गोळीवर ठीक आहे. आईला ऐकू कमी येतं, बाकी ठणठणीत.

तर झालं असं की मागच्याच्या मागच्या शनिवारी मी आईला बेन-हर दाखवला.

हो, तोच. 1959 चा, विल्यम वायलरचा, आपण कॅम्पातल्या थेटरात पुढच्या रांगेत मान मोडेपर्यंत बघितलेला. खरं तर आईनं मागितला होता मोशेचा पिच्चर. तुमच्या वस्तीवर नाताळात चादर बांधून दाखवायचे तो, समुद्र फाटतो तो. तिच्या अजून डोक्यात आहे. आठवतंय ना, पुढं जागा नसायची म्हणून आपण दोघं चादरीच्या मागच्या बाजूला बसायचो, सगळं डावं-उजवं उलटं दिसायचं आणि मोशेची काठी कायम भलत्याच हातात. आणि तुझे पप्पा मशीनजवळून ओरडून सांगायचे की पोरांनो तो समुद्र फाटत नाहीये, मोठ्या टाकीत दोन्हीकडून पाणी सोडलंय आणि रीळ उलटी फिरवलीये. तेव्हा तू किती चिडला होतास! देवानं केलं, देवानं केलं म्हणून रडला होतास. पप्पांचं खरं होतं रे, जॉन फुल्टन नावाच्या माणसानं ते केलं आणि त्याला त्याचं ऑस्कर मिळालं. म्हणजे आपण उलटा सोडलेला समुद्र उलट्या बाजूनं बघत होतो, तरी अंगावर काटा यायचा. अजूनही येतो.

धाकट्याला तो काही सापडला नाही, बेन-हर सापडला, म्हणाला हाही तसलाच आहे. मीच हो म्हणालो. तिथंच माझं चुकलं. मला शेवट माहीत होता, मधलं सगळं माहीत होतं, तरी कसं कोण जाणे, लक्षातच आलं नाही.

इंग्रजी कळत नाही म्हणून मी शेजारी बसून आईला मराठीत सांगत होतो. ज्यूडा, मेसाला वगैरे नावं तिनं सोडूनच दिली, एक "आपला" आणि एक "तो दुष्ट". शेखचे चार पांढरे घोडे तिला इतके आवडले! तो त्यांना तंबूत बोलावतो, एकेकाशी बोलतो, ताऱ्यांची नावं ठेवलेली त्यांना, तर ही म्हणते, आमचे नाना पोळ्याला बैलांशी असंच बोलायचे. आणि शर्यत! शर्यतीला ती पलंगावरून उठून उभी राहिली. दादाला फोन लावून सांगितलं की घाटातल्या बैलगाड्यापेक्षा भारी आहे.

आता शर्यतीवरून आठवलं, तर आपलं भांडण मिटवून टाकू. तू चाळीस वर्षं छातीठोकपणे सांगतोयस की शूटिंगला एक माणूस मेला आणि तो शॉट तसाच ठेवला. नाही मेला. रथावरून उलटा पुढं फेकला जातो तो जो कॅनट, शर्यत बसवणाऱ्या याकिमा कॅनटचा सख्खा मुलगा, आणि त्याला हनुवटीला फक्त टाके पडले. शॉट ठेवला हे खरं, त्याला ज्यूडा झालेला हेस्टन वर चढतोय असा तुकडा जोडला. बापानं पोराचा तो शॉट नंतर किती वेळा बघितला असेल देव जाणे. मेल्याच्या गोष्टी सांगतात त्या 1925 च्या मूकपट बेन-हरच्या, तेव्हा घोडे खरंच फार मेले होते. आणि हेस्टनच्या हातात घड्याळ नाही रे बाबा, मनगटापासून वर चामड्याचे पट्टे आहेत. मी थांबवून थांबवून बघितलं. एक हाफ चहा तू हरलास.

असो. शर्यतीच्या आधीच आई एकदा गप्प झाली होती, पण मी घोड्यांच्या नादात होतो. तो तुरुंगाचा सीन. ज्यूडाची आई आणि बहीण वर्षानुवर्षं तळघरात कोंडलेल्या, आणि जेलर सांगतो की जिवंतच असणार, आत टाकलेलं अन्न संपतं ना. मग दार उघडतात, मशाल पुढं करतात आणि मागं सरतात. मी आईला एवढंच म्हणालो की त्यांना रोग झालाय. कुठला ते सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. पदर तोंडाशी घेऊन बसली.

मग दरीचा सीन आला. गावाबाहेर खडकात राहणारी माणसं, तोंडावरून चिंध्या ओढलेली, ज्यूडाची प्रेयसी एस्थर खाण्याची टोपली घेऊन येते, ज्यूडाची आई वर येते, जवळ येऊ नकोस म्हणते, आणि ज्यूडा दगडाआड लपून बघतोय. आपण बघितला तेव्हा मी इथंच उठून बाहेर गेलो होतो. तू मागोमाग आलास, काही विचारलं नाहीस, चण्याची पुडी हातात दिलीस आणि थेटरचा पंखा किती घाण आहे त्यावर बोलत राहिलास. मग आपण आत गेलोच नाही. शेवट मी पुढं दहा वर्षांनी व्हीसीआरवर बघितला.

तर आई म्हणाली, "थांबव ते."

मी थांबवलं. ती बाई अर्ध्या तोंडानं पडद्यावर तशीच राहिली.

"मला बी भाकरीवरनंच कळायचं," आई म्हणाली.

बाळ्या, साठ वर्षांत तिनं मावशीचा विषय माझ्यापुढं स्वतःहून काढला नव्हता. मला जे माहीत होतं ते मामीच्या तोंडून, आणि तुला जे माहीत आहे ते माझ्या. त्या दिवशी ती सलग बोलली. 1958 ची गोष्ट, दादाच्या वेळेला ती बाळंतपणाला माहेरी आलेली. मावशी पंधरा वर्षांची, मळ्यातल्या खोपीत ठेवलेली, रगतपिती झाली म्हणून. आजीनं आईला बजावलं होतं, तू पोटुशी आहेस, बांधावरच्या दगडावर भाकरी ठेवायची आणि मागं सरायचं, ती आली की तू निघायचं. आई मागं सरायची पण निघायची नाही. बाभळीखाली उभं राहून दोघी लांबनं बोलायच्या. काय बोलायच्या तर काही नाही, म्हशीला पारडू झालं, विहिरीला पाणी आलं. एकदा मावशी म्हणाली, अक्का, बाळ झालं की लांबनंच दाखव, मी डोळ्यांनीच घेईन. दाखवायच्या आत आईला सासरी धाडलं. आखितीला परत आली तर खोपी जाळून टाकलेली आणि मामा म्हणाले, लांब वसाहतीत पोचवलंय. कुठल्या, ते मरेपर्यंत सांगितलं नाही त्यांनी.

त्याच वर्षी तिकडं रोमला शर्यतीचं ते अठरा एकरांचं मैदान उभं करत होते, खोट्या महारोग्यांना रंग लावत होते. मी हा हिशेब मनात केला आणि मला बसवेना.

आणि तुझं माझं ते दुसरं भांडण, ज्याच्यावरून आपण वर्षभर बोललो नव्हतो. तू म्हणाला होतास की महारोगावर गोळ्या होत्या, दॅप्सोन तेव्हाही मिळत होतं, माझे पप्पा महारोग्यांच्या दवाखान्यात ड्रेसर होते, रोज आपल्या हातानं असल्या जखमा धुवायचे आणि घरी येऊन त्याच हातानं आम्हाला भरवायचे, तुमच्या घरानं तिला रोगापायी नाही लाजेपायी घालवली. मी तुला नको ते बोललो, तुझ्या जातीधर्मावर गेलो. तू बरोबर होतास. हे मी तोंडावर कधी म्हटलं नाही, आज लिहितोय. आमच्या गावापासून तो दवाखाना बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होता.

एवढ्यात ही दळण घेऊन आली. आईचे डोळे बघितले, टीव्हीवर ती बाई बघितली, म्हणाली काय झालं. मी म्हणालो पिच्चर रडका आहे. तुझ्या वहिनीला यातलं काहीच माहीत नाही, लग्नाच्या वेळी आमच्याकडच्यांनी सांगायचं नाही असं ठरवलं आणि मग मीही ते तसंच चालू ठेवलं, पस्तीस वर्षं.

आता खरी काळजी सांगतो. दुसऱ्या दिवशी आईनं विचारलं, "त्या मायलेकींचं पुढं काय झालं?" मी म्हणालो, नेट गेलंय. परवा परत विचारलं. काल परत. मला काय सांगायचं कळत नाहीये रे. पुढं काय होतं ते तुला मी सांगितलंय. तो त्या दोघींना शहरात घेऊन येतो, रस्ते ओस, कारण सगळे खटला बघायला गेलेत. तो आंधळा भिकारी आठव, ज्यूडा त्याच्या वाडग्यात नाणं टाकतो आणि लोक महारोगी महारोगी ओरडायला लागल्यावर तो वाडगं पालथं करून नाणं सांडतो. पैसासुद्धा नको. त्यावर आई काय म्हणेल ते मला झेपेल. झेपणार नाही तो शेवट. क्रुसावर येशू जातो, अंधार होतो, पाऊस पडतो, वीज चमकते आणि गुहेत त्या दोघींची तोंडं स्वच्छ झालेली असतात, आणि पाणी रक्त घेऊन ओघळत खाली जातं.

पस्तीस वेळा बघ, मला तो पाऊस खराच वाटतो. मी देवळात फारसा जात नाही, चर्चमध्ये तुझ्या लग्नाला आलो तेवढाच, पण वायलरनं येशूचं तोंड एकदाही दाखवलं नाही आणि तरी त्या पावसात तो आहे असं मला वाटतं. पण आईला काय वाटेल? यांच्यावर पडला, माझ्या बहिणीवर का नाही पडला? किंवा त्याहून वाईट, ती मला विचारेल की तसा काही उपाय होता का, आणि मला गोळ्यांचं सांगावं लागेल. सत्त्याऐंशीव्या वर्षी. ते तिला अजून माहीत नाही. तिला वाटतं तेव्हा काहीच नव्हतं.

आणि नाही दाखवला तर? मग मामा आणि माझ्यात फरक काय. त्यांनी वसाहतीचं नाव दडवलं, मी पावसाचं दडवतोय.

मी दोन रात्री बायबल काढून बसलो होतो, तू दिलेलं. तिथं या मायलेकी नाहीतच, त्या ल्यू वॉलेसच्या 1880 च्या कादंबरीतल्या, आणि कादंबरीत तर त्या क्रुसाच्या आधीच, यरुशलेमच्या वाटेवर येशू जाताना बऱ्या होतात. पण मला त्यातल्या गणना नावाच्या पुस्तकात मोशेची बहीण सापडली. मिर्याम. तिला तो रोग होतो आणि सात दिवस छावणीबाहेर ठेवतात, आणि ती परत आत येईपर्यंत लोक पुढं मुक्काम हलवत नाहीत. अख्खी माणसं थांबली रे तिच्यासाठी! मोशेचा पिच्चर काढणाऱ्या डमिलनं एवढा साडेतीन तासांहून मोठा पिच्चर केला, तेवढा भाग घेतला नाही. मला फार राग आला. समुद्र काय कोणीही फाडेल टाकीत पाणी सोडून, हे दाखवायचं होतं.

आणि लूकमधले येशूनं बरे केलेले ते दहा महारोगी, त्यातला एकच आभार मानायला परत येतो. पप्पा त्यावर काय सांगायचे? मला आठवतंय की ते नेहमीपेक्षा वेगळं काहीतरी सांगायचे, उरलेल्या नऊंची बाजू घ्यायचे. ते जरा आठवून ठेव.

तुझं कसं चाललंय? छोटीच्या नोकरीचं कळलं, फार बरं वाटलं, पुण्यात खोली बघताना घाई करू नका. पत्र्याचं काम पावसाआधी उरकलं का? आणि गुडघ्याचं ऑपरेशन पुढं ढकलू नकोस. डमिल त्र्याहत्तराव्या वर्षी इजिप्तमध्ये सेटच्या दरवाजावर शिडीनं चढला, हार्ट अटॅक घेऊन खाली आला आणि दोन-तीन दिवसांत परत कामावर हजर. तुला तर चर्चच्या चार पायऱ्या चढायच्यात.

या रविवारी ये. सकाळची एसटी पकडलीस तर अकराला पोचशील. तुझ्या वहिनीला मी शनिवारी रात्री सांगणार आहे, मावशीचं, सगळं. सांगायला कसं सुरू करावं तेही कळत नाहीये, पण सांगणार. मग रविवारी जेवणं झाली की उरलेला पिच्चर लावू, दरीपासून पुढं. आईच्या एका बाजूला मी बसतो, दुसऱ्या बाजूला तू बस. गोळ्यांचं तिनं विचारलं तर तू सांग, तुझ्या पप्पांच्या हातांचंही सांग. तुझ्या तोंडून ती ऐकेल, तुला ती लहानपणापासून माझ्याहून शहाणा समजते.

चणे मी आणून ठेवतो.

तुझाच