मठात जायच्या आधी कुरिसुमला बघून ये

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मठात जायचं म्हणतोस हे वाचल्यापासून तुझी आई फारशी बोलत नाही. मी तुला अडवणार नाही. पण एक माझं ऐक. कुठे अर्ज करण्याआधी केरळात वागमणच्या डोंगरावर कुरिसुमला आश्रम हा ख्रिस्ती संन्याशांचा मठ आहे, तिथे काही दिवस राहून ये. तो मठ कसा उभा राहिला ते इथेच सांगतो, म्हणजे तिथे काय बघायचं ते तुला कळेल.

फ्रान्सिस माह्यू, पुढे ज्यांना फ्रान्सिस आचार्य म्हणू लागले, हे बेल्जियमच्या स्कूरमाँ मठातले ट्रॅपिस्ट संन्यासी, म्हणजे संत बेनेडिक्टचा नियम कडकपणे पाळणाऱ्या कॅथलिक संघातले. १९५५ साली ते भारतात आले तेव्हा चाळिशी उलटली होती. आधी कावेरीकाठी शांतिवनम आश्रमात राहिले, मग केरळातल्या तिरुवल्लाच्या मलंकारा (सुरियानी परंपरेच्या कॅथलिक) बिशपांच्या आधाराने स्वतःचा मठ सुरू केला. इंग्लंडचे बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टच्याच नियमाने चालणारे, संन्यासी बीड ग्रिफिथ्स त्यांना येऊन मिळाले. २० मार्च १९५८ ला ही मंडळी डोंगरावर राहायला गेली. दुसऱ्या दिवशी संत बेनेडिक्टचा सण होता, तेव्हा तो २१ मार्चला यायचा.

जमीन दानात मिळालेली, पण वर होतं काय? गवत, वारा आणि पाऊस. बांबूची नि झावळ्यांची झोपडी, शेणाने सारवलेली जमीन. त्यातच प्रार्थना, त्यातच झोप. अंगावर कावी वस्त्रं, जेवण शाकाहारी, जमिनीवर बसून. उपासना सुरियानी, म्हणजे केरळातल्या जुन्या पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेची. परदेशातून आलेल्या माणसाने इथल्या जुन्या ख्रिस्ती परंपरेत शिरून ती शिकून घेतली, याचं मला फार मोल वाटतं. आपण वसईकर चारशे वर्षांच्या देवळांचा अभिमान बाळगतो. केरळातली परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे.

आता मुद्द्याचं. संत बेनेडिक्टच्या नियमात संन्याशाने हाताच्या कष्टावर जगावं असं आहे. डोंगर गवताचा, म्हणून त्यांनी गाई धरल्या. जर्सीचा संकर करून दुभती जनावरं तयार केली, आणि आसपासच्या शेतकऱ्यांनाही तशा गाई पाळायला शिकवलं. मठ टिकला तो यामुळे, असं माझं ठाम मत आहे. खालच्या घरांत दुधाचे पैसे येऊ लागले की वरची घंटा त्यांचीही होते. तू पत्रात शांतता, एकांत, मौन एवढंच लिहिलंयस. पहाटेच्या प्रार्थनेनंतर गोठा आहे, बाळा, आणि गोठ्याला रविवार नसतो. वाडीत केळीला पाणी सोडायला तू कुरकुरायचास, ते मला आठवतं.

शिवाय ट्रॅपिस्टांना त्याच मठात कायम राहण्याचं व्रत घ्यावं लागतं. ग्रिफिथ्स १९६८ मध्ये शांतिवनमला गेले. फ्रान्सिस आचार्य मात्र २००२ साली वारले तोवर तिथलेच होते. ट्रॅपिस्ट संघाने त्या आश्रमाला आपल्यात रीतसर घेतलं तेही १९९८ मध्ये, स्थापनेला चाळीस वर्षं झाल्यावर. एवढा धीर तुझ्यात आहे का, हे मी ठरवू शकत नाही.

पावसाळ्यात जाऊ नकोस, तिथला पाऊस आपल्यापेक्षा भारी असतो. नाताळ घरी कर, मग जानेवारीत निघ. राहण्याची परवानगी आधी पत्र लिहून माग. भाड्याचे पैसे मी देतो. परत आलास की आधी आईशी बोल, मग माझ्याशी.

तुझा,
बाबा