न उघडलेलं पान

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर एक नाव आठवेना तेव्हा तुम्ही म्हणालात, "आजीचं सुरू झालं बहुतेक." मी विषय बदलला. कारण सांगते. मी जनुकांची तपासणी करून घेतली आहे. अहवाल आलाय, पण त्यातलं एपीओई जनुकाचं पान उघडलेलं नाही. या जनुकाचे ई-२, ई-३ आणि ई-४ असे प्रकार असतात; ई-४ने अल्झायमरचा, म्हणजे स्मृती हरवत जाण्याच्या आजाराचा, धोका वाढतो. जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. माझे दोन्ही ई-४ निघाले, तर तुम्हा दोघांकडे निदान एकेक आहे हे आपोआप कळेल. तुमचं पत्र तुम्हाला न विचारता फोडल्यासारखंच ते.

मग वाचत बसले. ई-४ आणि अल्झायमरचा संबंध १९९३ साली पुढे आला. पण हा ई-४ सगळ्यांना सारखा छळत नाही. १९९७च्या एका मोठ्या विश्लेषणात दोन ई-३ वाल्यांच्या तुलनेत दोन ई-४ वाल्यांचं अल्झायमर होण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे १५, जपान्यांत ३३ आणि आफ्रिकन अमेरिकनांत जेमतेम ६ आलं. मिश्र वंशाच्या लोकांचं तर आणखी निराळं. पोर्तो रिकोच्या आणि आफ्रिकन अमेरिकन लोकांवरचा २०१८चा अभ्यास सांगतो, की माणूस एकूण किती टक्के कोणत्या वंशाचा, यापेक्षा १९व्या गुणसूत्रावरचा एपीओईभोवतीचा तुकडा कुणाकडून आला ते बघा. तो आफ्रिकी पूर्वजाचा असेल, तर ई-४चा जोर कमी. पत्ते पिसावेत तसे हे तुकडे पिढ्यान्‌पिढ्या पिसले जातात. सख्ख्या भावंडांच्या हातातही वेगळी पानं येतात. (अहवालातलं पूर्वजांच्या टक्केवारीचं रंगीत वर्तुळ इथे फारसं कामाचं नाही. मी मात्र त्यालाच भुलून पैसे भरले!)

धोक्याचे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून बेतलेले आहेत. तो अंगरखा आपल्याला बसेलच असं नाही. शिवाय ई-४ असून म्हातारपणी शाबूत राहिलेले आहेत, नसून विसरलेलेही आहेत.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४च्या आयोगाने डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत. ती सगळी दूर केली तर डिमेन्शियाचे ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा पुढे ढकलले जातील, असा त्यांचा अंदाज. त्यांत रक्तदाब आहे, आई; गोळी चुकवत जाऊ नकोस. आणि कमी ऐकू येणं आहे, बाबा. तुमचं कानाचं यंत्र सहा महिने कपाटात पडून आहे.

पान उघडायचं की नाही ते दोघं मिळून ठरवा. एकाचा जरी नकार असला तरी ते बंदच राहील. आई, हे पत्र बाबांना वाचून दाखव, पण यंत्र कानात घातल्यावरच.

तुमची,
धाकटी