न दिसणाऱ्या कामाबद्दल, ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपल्या शाळेच्या मैदानासाठी देणगी देताना, नाव कुठेही घेऊ नका, असं तुम्ही मला तीनदा बजावलंत, म्हणून घेत नाही. पण उघड पत्र लिहू नका, असं काही म्हणाला नव्हतात. तेवढी पळवाट मी वापरतोय.

काल रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी मी सवयीने चपला हातात घेऊन फाटकातून आत शिरलो आणि दहा पावलं गेल्यावर लक्षात आलं, की पाय कोरडेच आहेत. चुन्याची फक्की तेवढी धुऊन गेली होती. तिसऱ्या तासाला पुन्हा रेघा मारल्या, चौथ्या तासाला मुलं धावत होती. पूर्वी असा पाऊस झाला की माझा खेळाचा तास गणिताच्या बाई मागून घ्यायच्या आणि मीही मुकाट देऊन टाकायचो.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा माझ्या खिशात यादी तयार होती. प्रेक्षकांसाठी पायऱ्या, रंगवलेलं कुंपण, बक्षीस समारंभासाठी ओटा, असं बरंच काही. तुम्ही ती घेतलीत, घडी घातलीत आणि थेट पश्चिमेच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिलात. म्हणालात, ‘ते तळं अजून इथेच साचतं का?’ शाळा सोडून इतकी वर्षं झाली, पण पाणी कुठे साचतं ते तुम्हाला पाठ होतं. माझी यादी तिथेच निकालात निघाली.

गावातला कारखाना चालू होता तोवर या मैदानाला वाली होता. त्यांचा रोलर फिरायचा, त्यांचाच माळी गवत कापायचा. भोंगा वाजायचा थांबला तसा रोलरही थांबला. माणसं कामासाठी बाहेर पडली, मागोमाग मुलं गेली, पट घसरला. पटाबरोबर पैसा आटतो, आणि कात्री चालवायची वेळ आली की पहिला घाव खेळावर पडतो. यात कुणाला दोष द्यावा? गळकं छप्पर की लांब उडीची वाळू, असं विचारलं तर मीही छपरालाच मत देईन.

एक गोष्ट मात्र माझ्या जिव्हारी लागलेली होती. आमची मुलं बाहेरच्या स्पर्धेत १०० मीटर धावताना ऐंशीला पोहोचली की ढिली पडायची. ‘दम नाही तुमच्यात,’ असं मी त्यांना वर्षानुवर्षं सुनावत आलो. तुम्ही कट्ट्यावर बसून तीन शर्यती पाहिल्यात आणि म्हणालात, ‘सर, ही दमत नाहीत. भिंतीला भितात.’

खरंच होतं ते. १०० मीटर धावायला १०० मीटर जागा पुरत नाही. आरंभरेषेच्या मागे ३ मीटर आणि अंतिम रेषेच्या पुढे वेग जिरवायला निदान १७ मीटर मोकळे लागतात. आमच्या मैदानाची लांबीच ११० मीटर. रेषा ओलांडली की पुढच्या पाच-सहा ढांगांत भिंत, म्हणून पोरं रेषेच्या आधीच आवरतं घ्यायची. घरी शिकलेली सवय बाहेर थोडीच सुटते? मला हे दिसायला हवं होतं. त्या मुलांतली कितीतरी आता कामाधंद्याला लागली. त्यांची माफी मागायची राहिलीच आहे.

मग तुम्ही सुतळीचा गुंडा मागवलात. एक टोक एका कोपऱ्यात मी धरलं, दुसरं समोरच्या कोपऱ्यात शिपाईमामांनी. रुंदी ६० मीटर, म्हणजे कर्ण सव्वाशेच्या थोडा वरच भरला. १.२२ मीटर रुंदीच्या चार लेन, मागची-पुढची मोकळी जागा धरून, जेमतेम बसल्या. ज्या पायथागोरसच्या प्रमेयासाठी गणिताच्या बाई दरवर्षी घसा कोरडा करतात, ते नववीच्या वर्गाला त्या दिवशी सुतळीनं शिकवलं. या बदलाचा खर्च म्हणाल तर सुतळी आणि फक्की.

खरा पैसा गेला तो जमिनीखाली. ती तिरपी धावपट्टी मैदानाचा कणा धरली. तिच्या दोन्ही अंगांना दर १०० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर उतार दिला. धावायच्या दिशेने मात्र पातळी सारखी ठेवली, कारण तिथे हजारात एकाहून जास्त उतार नियमाला चालत नाही. पाणी ज्या दोन कोपऱ्यांकडे येतं तिथे चर खणले. तळाला मोठे दगड, त्यात भोकं पाडलेला पाइप, वर बारीक खडी, त्यावर वाळू. सगळं बुजवून माती दाबली, पाणी मारलं, रोलर फिरवला. शेवटी शाळा समितीचे एक सदस्य मैदान पाहायला आले आणि इकडेतिकडे बघून म्हणाले, ‘सगळं ठीक, पण केलंत काय?’

आणि तुमची ती अट! रक्कम दोन भागांत मिळेल, अर्धी कामाला आणि अर्धी ठेवीत. ठेवीला हात लावायचा नाही, फक्त व्याजातून वाळू, फक्की, चरांची सफाई आणि रोलरची डागडुजी. खोटं कशाला बोलू, मला राग आला होता. एवढे पैसे समोर असताना अर्धे कुलपात? तुमच्या माघारी मी बोललोही बरंच. पण फाटकावरची कमान रोज माझ्याकडे बघते ना. एका जुन्या देणगीतून झालेली, दात्याच्या नावाची अक्षरं हातभर. तिच्या उद्घाटनाला मांडव होता, भाषणं होती. पुढच्या पावसाळ्यात त्याच कमानीखालून आम्ही गुडघाभर चिखलात उतरलो. बांधायला पैसे देणारे भेटतात, झाडायला देणारं माणूस मला तुमच्याआधी भेटलं नव्हतं.

मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीबद्दल मी जास्त लिहीत नाही. त्यांनीच तुम्हाला वेगळं पत्र लिहिलंय आणि ते मला वाचू दिलेलं नाही. एवढंच सांगतो, की आतून लागणारी कडी, पाण्याचा नळ आणि कपडे टांगायला खुंट्या एवढ्यावर आठवी-नववीच्या मुली मैदानावर टिकल्या. आम्ही त्यांना आवड नाही असं समजत होतो.

संध्याकाळी मैदान गावाला खुलं ठेवायची अट मात्र अजून कुरकुरतच चालते. कुलूप कोणी लावायचं यावर दोनदा भांडण झालं. सध्या निवृत्त कामगारांची एक टोळी फेऱ्या मारायला येते, त्यांच्याकडे किल्ली दिलीय. त्यातल्या एका आजोबांनी जुन्या रोलरचा दांडा फुकट जोडून दिला. पूर्वी कारखान्यात हेच काम करायचे म्हणे.

वर्षाचा हिशेब फलकावर लावलाय, प्रत तुम्हाला पाठवतो. वाळूचा आकडा फुगलेला दिसेल. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू फळीच्या पातळीला ठेवावी लागते आणि मुलं ती खिशातून, बुटांतून घरी नेतात.

एक तक्रारही पोहोचवायची आहे. आज मधल्या सुट्टीत दुसरीची तिघं कागदी होड्या घेऊन पश्चिमेच्या कोपऱ्यात उभी होती. तळं कुठे गेलं म्हणून मला जाब विचारत होती. मी तुमच्याकडे बोट दाखवलंय.

आपला,
क्रीडाशिक्षक