एक पद रिकामं, आठ संशोधक बाहेर

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

राज्यातल्या एका मोठ्या अकृषी विद्यापीठात मी रसायनशास्त्र शिकवते. नेमणूक अकरा महिन्यांची, यंदा सातवी. दर उन्हाळ्यात ओळखपत्र परत करायचं, पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. माझ्यासारख्यांच्या मानधनाविषयी आपल्याकडे पुष्कळ निवेदनं आली असतील. मला आज विद्यार्थ्यांविषयी लिहायचं आहे.

मागच्या वर्षी आमची एक हुशार विद्यार्थिनी ‘पेट’ ही पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊन माझ्याकडे आली. तिला ज्या विषयात पीएच.डी. करायची होती, त्यावरच माझं काम चालतं. तरी मी तिची मार्गदर्शक होऊ शकले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार मार्गदर्शक कायम शिक्षकच हवा. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला, की नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे प्राध्यापकाचं एक पद भरलं नाही, की संशोधनाच्या आठ जागा जातात, आणि त्यांची गळती निवृत्तीच्या आधीच सुरू झालेली असते. आमच्या विभागात अशी पदं एकाहून अधिक आहेत. ती मुलगी आता एमआयडीसीतल्या औषध कंपनीत नमुने तपासते.

शिक्षकेतर पदांची चर्चा तर होतच नाही. रेणूंची रचना तपासणाऱ्या आमच्या एनएमआर यंत्राच्या चुंबकात द्रव नायट्रोजन नेमाने भरावा लागतो, काही महिन्यांनी द्रव हेलियम. त्यात हयगय झाली तर कोट्यवधींचं यंत्र बिघडतं. हे सांभाळणारे तंत्रज्ञ निवृत्त झाले, त्यांच्या जागी कंत्राटदार मुलं पाठवतो. सध्याचा मुलगा फार गुणी आहे. बघून बघून शिकला, गरज पडली तर रात्रीही थांबतो. कंत्राट बदललं की तो जाईल आणि नव्या मुलाला आम्ही पहिल्यापासून शिकवू.

आयोगाच्या २०१८ च्या नियमांत कंत्राटी शिक्षकांची मर्यादा एकूण पदांच्या १० टक्के आहे. आमच्याकडे कायम शिक्षकच कमी आहेत, कंत्राटी जास्त.

भरती बिंदुनामावलीमुळे, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव हे ठरवणाऱ्या यादीमुळे अडते, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. आरक्षणाची तपासणी काटेकोर व्हायलाच हवी. उशीर होतो, कारण वित्त विभागाची मान्यता, बिंदुनामावली, जाहिरात ही सगळी कामं पद रिकामं झाल्यावर हातात घेतली जातात. शिक्षक साठाव्या वर्षी निवृत्त होतो आणि ती तारीख तो रुजू होतो त्या दिवसापासून सेवापुस्तकात लिहिलेली असते. तेव्हा निवृत्तीच्या एक वर्ष आधी ही प्रक्रिया सुरू करणं प्रत्येक विद्यापीठाला बंधनकारक करावं. प्रयोगशाळा सहायक, तंत्रज्ञ, ग्रंथालय सहायक यांची पदंही त्याच वेळापत्रकात धरावीत. नाहीतर नवे प्राध्यापक येतील आणि प्रयोगशाळेला कुलूप असेल.

पुढच्या ३१ मे रोजी आमच्या विभागातले आणखी एक प्राध्यापक निवृत्त होत आहेत. त्यांच्या पदाची फाइल आताच हलवण्याचे आदेश द्यावेत, ही विनंती.

आपली,
एक कंत्राटी सहायक प्राध्यापक