लसीच्या कार्डावर दातांसाठी एक रकाना हवा

माननीय आरोग्यमंत्री,

सविनय नमस्कार.

मी लहान मुलांच्या दातांवर उपचार करणारी डॉक्टर आहे. माझी मुख्य मागणी एकच आहे, ती आधी सांगते. बाळाला लस द्यायला आणतात तेव्हा त्याचं वजन आणि उंची मोजतात. त्याच वेळी त्याचा वरचा ओठ उचलून दात बघावेत आणि जे दिसेल ते त्याच कार्डावर लिहावं. पहिला दात आल्यापासून दर खेपेला हे व्हावं. एवढ्याशा गोष्टीसाठी थेट मंत्र्यांना पत्र कशाला, असं वाटेल. पण या एका सवयीअभावी मुलांना किती सोसावं लागतं, हे मी रोज बघते.

माझ्याकडे मूल पहिल्यांदा येतं ते बहुतेक वेळा तीन-चार वर्षांचं झाल्यावर. गाल सुजलेला असतो, आदली रात्र घरात कोणी झोपलेलं नसतं. वरचे पुढचे दात झिजून हिरडीपर्यंत आलेले, दाढांमध्ये खड्डे, हिरडीवर पुवाची पुळी. आईवडील अपराध्यासारखे उभे असतात. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही, कारण त्यांना आधी कोणी सांगितलेलंच नसतं. हे मूल जन्मापासून कितीदा तरी आरोग्य केंद्रात जाऊन आलेलं असतं. लसी वेळेवर झालेल्या असतात, वजनाचा आलेख भरलेला असतो. त्याच्या तोंडात मात्र कोणी डोकावलेलं नसतं. दातांचा डॉक्टर दुखल्यावर गाठायचा, ही रीत आरोग्य व्यवस्थेनेही निमूटपणे स्वीकारली आहे.

कीड एका रात्रीत लागत नाही. दातांवरच्या चिकट थरातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात. तोंडातला पीएच (आम्लता मोजण्याचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताच्या कवचातली खनिजं विरघळू लागतात. मग लाळ हळूहळू ते आम्ल निवळते आणि खनिजं परत आणते. ही देवाणघेवाण दिवसभर चालू असते. मूल सारखं काहीतरी गोड खात-पीत राहिलं तर लाळेला सवडच मिळत नाही. झोपेत लाळ फार कमी सुटते, म्हणून दुधाची किंवा गोड पेयाची बाटली तोंडात ठेवून झोपण्याची सवय सगळ्यात घातक. ते दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचतं. खालच्या पुढच्या दातांना जिभेचा आणि लाळेचा आडोसा मिळतो, वरच्यांना तो मिळत नाही. त्यामुळे कीड बहुधा तिथूनच सुरू होते. दुधाच्या दातांचं कवच पक्क्या दातांच्या मानाने पातळ असतं, आतली नस जवळ असते. खड्डा दिसू लागल्यावर नसेपर्यंत पोहोचायला काही महिने पुरतात.

पण खड्डा पडण्याआधी एक खूण दिसते. हिरडीच्या कडेला दातावर खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ उमटते. तेव्हा दात दुखत नाही, तुटलेला नसतो, आणि मुख्य म्हणजे अजून सावरता येतो. रात्रीची बाटली बंद केली, फ्लोराइडच्या पेस्टने घासायला सुरुवात केली, दातांवर फ्लोराइड वार्निश (दाताला चिकटून राहणारा फ्लोराइडचा लेप) लावलं, तर ती कीड तिथेच थांबू शकते. ही रेघ ओठ खाली असताना दिसत नाही. उचलला की लगेच दिसते. त्यासाठी यंत्र लागत नाही, दंतवैद्यही लागत नाही. प्रशिक्षण घेतलेली कोणतीही परिचारिका ती ओळखू शकते. न्यूझीलंडमध्ये बाळांच्या नियमित तपासणीत ओठ उचलून बघण्याची पद्धत रुळलेली आहे.

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ हे वाक्य मी आईवडिलांकडून ऐकते, आजी-आजोबांकडून ऐकते, आणि वाईट याचं वाटतं की कधीकधी डॉक्टरांकडूनही ऐकते. पुढचे दात सहा-सात वर्षांचं झाल्यावर पडतात हे खरं. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात. तीन वर्षांच्या मुलाची दाढ किडली, तर पुढची सात-आठ वर्षं त्याने चावायचं कशाने? दाढ अकाली काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची वाट अडते. मुळाशी झालेला पू त्या घडत असलेल्या पक्क्या दातालाही इजा करू शकतो. ज्याचे दुधाचे दात किडतात, त्याचे पक्के दात किडण्याची शक्यताही जास्त असते, कारण सवयी आणि तोंडातले जिवाणू तेच राहतात.

लहान मुलाला ‘दात दुखतो’ हे सांगताच येत नाही. ते एकाच बाजूने चावतं, घास गालात धरून ठेवतं, रात्री रडत उठतं, खायला नको म्हणतं. घरचे त्याला हट्टी ठरवतात. शाळेत ते पेंगतं, चिडतं. किडलेल्या दातांवर उपचार झाल्यावर असंच मूल नीट जेवू-झोपू लागतं, तेव्हा आईवडिलांना उलगडा होतो की तो हट्ट नव्हता, वेदना होती. हे सगळं टाळता आलं असतं, याची हळहळ मला दर वेळी वाटते.

उपचाराचं म्हणाल, तर इतक्या लहान वयात आठ-दहा दात किडले असतील तर मूल खुर्चीवर बसून ते करून घेऊ शकत नाही. मग पूर्ण भूल द्यावी लागते. त्यासाठी शस्त्रक्रियागृह हवं, भूलतज्ज्ञ हवेत, तारीख मिळायला हवी. तोवर वेदनाशामकं आणि प्रतिजैविकं चालू राहतात. ज्यांना हे परवडत नाही, त्यांच्या मुलांचे दात सरळ काढले जातात, आणि कीडही त्याच घरांमध्ये सर्वांत जास्त असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगात सुमारे 51 कोटी 40 लाख मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. टाळता येणारा आजार या प्रमाणात पसरतो, तेव्हा घराघरांतल्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवून भागत नाही.

आता परिचारिकांबद्दल. त्यांच्यावर आधीच कामाचा ढीग आहे आणि त्यात मी भर घालते आहे, याची मला जाणीव आहे. म्हणून मागणी मुद्दाम छोटी ठेवली आहे. कार्डावर एक रकाना, त्यात तीनच नोंदी: दात स्वच्छ, पांढरी रेघ, खड्डा किंवा सूज. केंद्राच्या भिंतीवर या तिन्ही अवस्थांचे मोठे फोटो. पांढरी रेघ दिसली तर तिथल्या तिथे वार्निश लावायचं आणि आईवडिलांशी बाटली, साखर, घासणं एवढंच बोलायचं. वार्निश ब्रशने लावायला काही क्षण पुरतात, ते चटकन घट्ट होतं आणि दुखत नाही. खड्डा दिसला तर दंतवैद्याकडे चिठ्ठी द्यायची.

ती चिठ्ठी घेऊन गेलेल्या आईला दारात परत पाठवलं, तर मात्र हा रकाना निव्वळ कागद ठरेल. ‘मूल सहकार्य करत नाही, मोठं झाल्यावर आणा’ असं सांगून परत पाठवलेली मुलं मी पुढे सुजलेल्या गालाने आलेली पाहिली आहेत. सरकारी दंतविभागांत आठवड्यातले काही ठरावीक तास पाच वर्षांखालच्या मुलांसाठीच राखून ठेवावेत. जिथे दंतवैद्य पोहोचतच नाही, तिथे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव औषध उपलब्ध करावं. ते खड्ड्यावर लावलं की ड्रिलिंग न करता, इंजेक्शन न देता बऱ्याच दातांतली कीड थांबते. किडलेला भाग त्यामुळे कायमचा काळा पडतो. ते आईवडिलांना आधी नीट समजावून त्यांची संमती घेतलीच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये हे औषध आणि फ्लोराइडची टूथपेस्ट, दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

पेस्टचा विषय निघालाच आहे, तर त्याबद्दलही. कीड रोखायला पेस्टमध्ये किमान 1000 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 1000 भाग, फ्लोराइड लागतं. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही रंगीत, गोड वासाच्या पेस्टमध्ये ते त्याहून कमी असतं किंवा मुळीच नसतं, आणि आईवडील नेमक्या त्याच विश्वासाने घेतात. हे प्रमाण वेष्टनाच्या दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत छापायला लावणं आपल्या सरकारच्या हाती आहे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षं वाटाण्याएवढी, आणि घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही, हेही त्यावर चित्रांतून दाखवता येईल. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांच्या हातात असायला हवा, कारण त्याआधी मुलांना दात नीट घासता येत नाहीत. जिथे पिण्याच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त आहे, म्हणजे लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर, तिथले पालक धास्तावलेले असतात, आणि ते साहजिक आहे. तिथे आधी पाण्याची सोय करायला हवी आणि पेस्टचा सल्ला स्थानिक डॉक्टरांनी पाणी तपासून द्यायला हवा. पण त्या भीतीपोटी बाकी सगळ्यांना फ्लोराइडपासून दूर ठेवणं चुकीचं आहे.

बालवाड्यांमध्ये रोज एकदा बाईंच्या देखरेखीखाली दात घासणं हा दुसरा सोपा उपाय. स्कॉटलंडमध्ये ‘चाइल्डस्माइल’ या सरकारी कार्यक्रमातून हे वर्षानुवर्षं चालू आहे. तिथल्या मुलांची कीड कमी झाली आणि उपचारांवरचा वाचलेला पैसा या घासण्यावर झालेल्या खर्चापेक्षा जास्त भरला. अर्थखात्याला पटवायला हा दाखला आपल्याला उपयोगी पडेल.

शाळांनी पहिलीच्या मुलांची एक दाढ तरी जरूर तपासावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे पहिली पक्की दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे घरात कोणाला पत्ता लागत नाही. किडली तरी दुधाचीच समजून सोडून देतात, आणि ती आयुष्यभराची असते. तिच्या खोल खाचांवर सीलंटचा, म्हणजे खाचा बुजवणाऱ्या लेपाचा, थर दिला तर ती बऱ्याच अंशी वाचते.

साखरयुक्त पेयांवरच्या करासाठी इतर अनेकजण आपल्याकडे येत असतील, त्यांना माझा पाठिंबा आहे. मी फक्त औषधांचं सांगते. अपस्मार, दमा, हृदयाचे आजार असलेल्या मुलांना पातळ औषधं महिनोन्महिने घ्यावी लागतात. त्यातली काही साखरेच्या पाकात बनवलेली असतात आणि रात्री झोपताना दिली जातात. सरकारी खरेदीत, जिथे पर्याय आहे तिथे, बिनसाखरेचं औषध घेण्याचा नियम करावा. आजारी मुलाच्या वाट्याला दातांचं दुखणं तरी औषधातून येऊ नये.

लसीचं नवं कार्ड छपाईला जाण्याआधी त्यात हा रकाना घालण्याचा आदेश आपण द्यावा, ही विनंती. परिचारिकांना ती पांढरी रेघ ओळखायला शिकवण्यासाठी, आपण बोलवाल तिथे मी येईन. माझ्या क्षेत्रातले अनेक सहकारीही येतील.

आपली विश्वासू,
एक बालदंतवैद्य