विषय : सर्पदंशाच्या रुग्णासाठी मागवलेली रुग्णवाहिका दुसऱ्याच तालुक्यात पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
रुग्णवाहिका सभासद योजना

महोदय,

आमच्या घरी आपल्या योजनेचे वार्षिक कार्ड आहे. सरकारची १०८ सेवा फुकट असताना आम्ही पैसे मोजले, ते आपल्या प्रतिनिधीने दूध संस्थेच्या दारात उभे राहून ‘डोंगरातल्या वाडीपर्यंत गाडी येईल’ असे सांगितले म्हणून.

भातलावणीच्या दिवसांत संध्याकाळी माझ्या चुलत्यांना बांधावर घोणस चावली. फोन लगेच उचलला गेला, ते नाकारत नाही. पुढे मात्र ऑपरेटरबाई पिनकोड विचारत राहिल्या. एका पिनकोडात आमच्याकडे डझनभर गावे येतात. मग लँडमार्क म्हणून पेट्रोल पंप नाहीतर मॉल विचारला. मी ग्रामदैवताचे देऊळ, ओढ्यावरचा पूल आणि वाडीचे नाव सांगितले. त्यांच्या स्क्रीनवर वाडीसाठी रकानाच नव्हता. तालुका पाटण, हे मी स्पष्ट सांगितले होते, रेकॉर्डिंग ऐकावे.

बऱ्याच वेळाने ड्रायव्हरचा फोन आला, “शाळेसमोर उभा आहे, पेशंट कुठंय?” आमच्या शाळेसमोर चिटपाखरू नव्हते. गाडी आमच्याच नावाच्या कराड तालुक्यातल्या गावात उभी होती. ड्रायव्हरवर माझा राग नाही. त्याला जे गाव दिले तिथे तो पोचला.

शेवटी शेजाऱ्याच्या पिकअपमधले दुधाचे कॅन उतरवून त्यात गादी टाकली आणि चुलत्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. तिथे डॉक्टरांनी रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता उभे ठेवले. नंतर नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखे वाहिले, गोठलेच नव्हते. घोणशीचे विष हेच करते, आणि त्यावर प्रतिविषाशिवाय उपाय नाही. ते सुरू करून पुढे कराडला हलवायला सांगितले. म्हणजे आपली गाडी ज्या तालुक्यात रिकामी उभी होती, तिथेच आमचा रुग्ण दुधाच्या पिकअपमधून गेला. चुलते वाचले. पायाची सूज अजून पुरती उतरलेली नाही.

आपल्या कार्यालयातून आलेल्या फोनवर ‘कस्टमरने लोकेशन शेअर करायला हवे होते’ असे सांगण्यात आले. वाडीत इंटरनेटची रेंज नसते, म्हणून तर साधा फोन केला. कार्ड विकताना रेंज कुणी विचारली नव्हती.

मला केवळ कार्डाचे पैसे परत नकोत. जनगणनेत प्रत्येक महसुली गावाला स्वतंत्र सहा आकडी कोड आहे. तो वापरून एकाच नावाची गावे वेगळी दाखवा. वाड्यांना असा कोड नसतो, म्हणून त्यांची नावे गावाखाली भरून घ्या. ग्रामसेवक किंवा आशाताई अर्ध्या दिवसात यादी लिहून देतील. गाडी निघण्याआधी ऑपरेटरने तालुका मोठ्याने वाचून दाखवावा आणि ड्रायव्हरला फोन करणाऱ्याशी लगेच जोडून द्यावे. आमच्या भागातल्या कुठल्याही ड्रायव्हरने ‘ओढ्यावरचा पूल’ ऐकताच ओळखले असते की हे कराडकडचे गाव नव्हे.

त्या कॉलचे रेकॉर्डिंग, गाडीच्या जीपीएसची नोंद आणि वरील मुद्द्यांवर लेखी उत्तर पंधरा दिवसांत मिळावे. न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाणार आहे. उत्तर मराठीत पाठवावे, चुलते स्वतः वाचणार आहेत.

आपला,
कार्डधारक सभासद
ता. पाटण, जि. सातारा

सोबत : कार्डाची व पावतीची झेरॉक्स, आरोग्य केंद्राचा केसपेपर, पिकअपच्या डिझेलचे बिल