मामा तलावांची हवाई नोंद ‘प्रति फोटो’ दराने घेऊ नका : जलसंधारण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मृद व जलसंधारण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी भंडारा जिल्ह्यात ड्रोनने छायाचित्रे काढतो. गेल्या उन्हाळ्यात एका कार्यालयाने मामा तलावांतला, म्हणजे माजी मालगुजारांच्या (पूर्वीच्या जमीनदारांच्या) जुन्या तलावांतला, गाळ काढण्याच्या कामाची नोंद करण्यासाठी माझ्याकडे ‘प्रति फोटो’ दर मागितला. काम मिळाले नाही याचे वाईट वाटले. पण नोंद निरुपयोगी निघाली, याचे दुःख त्याहून मोठे आहे.

मामा तलावाला हवा असतो गोलाकार पॅनोरामा. ड्रोन हवेत एका जागी थांबवून, कॅमेरा गोल फिरवत आणि खाली कलवत पंचवीस-तीस फोटो घ्यायचे, मग ते जोडून 360 अंशांचे एकच चित्र करायचे. मोबाईलवर बोट सरकवले की पाळ, सांडवा, नहर, खालच्या धानाच्या बांध्या आणि पाणी ज्या जंगलातून येते ते जंगल, सगळे एका जागेवरून दिसते. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाचे नकाशे झाले, ते मोजणीसाठी उत्तम. पण सांडव्याला भगदाड कुठे आहे आणि बेशरमची झुडपे कुठवर सरकली आहेत, हे ग्रामसभेत बसलेल्या माणसाला पॅनोरामातच कळते.

हवेतले काम दोन-तीन मिनिटांचे. खरी मेहनत त्याच्या आधी आणि नंतर असते. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 वर जातो आणि बहुतेक लहान ड्रोनची मर्यादा 40 अंशांची, म्हणजे उडवायचे सकाळीच. तेव्हा सूर्य खाली असतो, एक बाजू झगझगीत आणि दुसरी काळवंडलेली. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते) हाताने ठरवून कायम ठेवले नाही, तर जोडलेल्या चित्रात पट्टे उमटतात. तलाव भरलेला असेल तर आणखी पंचाईत, कारण नुसत्या पाण्यावर फोटो जुळवायला सॉफ्टवेअरला खूणच सापडत नाही. बहुतेक ड्रोनचा कॅमेरा डोक्यावरचे आकाश टिपू शकत नाही, तेही नंतर भरावे लागते. ‘प्रति फोटो’ सर्वांत कमी दर देणारा यातले काही करत नाही. मुळात फोटो कोणता मोजायचा, सुटे तीस की जोडलेला एक?

माझी मागणी अशी. फेरीचा, म्हणजे माणूस ड्रोन घेऊन येण्याचा, दर वेगळा आणि पॅनोरामाचा वेगळा ठेवा. समजा फेरीचे 4,500 रुपये आणि प्रत्येक पॅनोरामाचे 1,500. एकाच तलावासाठी माणूस बोलावला तर 6,000 लागतील. तालुक्यातले पाच तलाव एका फेरीत घेतले तर 12,000, म्हणजे तलावामागे 2,400. शासनाचे पैसे वाचतात आणि काम करणाऱ्याचेही पोट भरते. जंगलालगतच्या तलावासाठी वन विभागाची परवानगी लागली, तर ती मिळवण्याची जबाबदारी कार्यालयाने घ्यावी.

कंत्राट दोन फेऱ्यांचे असावे : गाळ काढण्यापूर्वी मे महिन्यात, आणि तलाव भरल्यावर ऑक्टोबरात, त्याच जीपीएस बिंदूवरून, त्याच उंचीवरून. ग्रीन झोनमध्ये (जिथे ड्रोनला आधी परवानगी लागत नाही) 400 फुटांपर्यंत उडवता येते, पण पाळीची चीर पाहायची तर 200 ते 250 फूट पुरे. सुटे मूळ फोटोही शासनाने मागून घ्यावेत. 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते. ते निविदेत मागा, पण मोठ्या उलाढालीची अट घालू नका. त्या अटीपायी साकोली-अर्जुनीची पोरे बाहेर राहतात आणि मोठ्या शहरातून आलेल्या माणसाला सांडवा कुठला तेही विचारावे लागते.

मुख्यतः कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आले. आजही झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली, कितीतरी धानाची रोवणी त्यांच्याच पाण्यावर होते. येत्या मे महिन्याच्या कामांसाठी निविदा निघण्यापूर्वी हा दर-नमुना जिल्हा परिषदांना पाठवावा, ही विनंती. नमुन्यादाखल माझ्या गावच्या तलावाचे दोन्ही ऋतूंतले पॅनोरामा मी विनामूल्य करून द्यायला तयार आहे.

आपला,
भंडारा जिल्ह्यातील एक ड्रोन छायाचित्रकार